आठव्या मजल्यावरचं दार

टेंपोतून पहिला लाल सिलिंडर खाली उतरला तेव्हा रुक्सानानं टाळ्या वाजवल्या. मग छायानं वाजवल्या, मग मी. आम्ही तिघी शेजारणी इमारतीच्या पायरीवर उभ्या होतो आणि समोर माल उतरतच होता. आग विझवायचे सिलिंडर, पाण्याच्या जाड पाइपांची भेंडोळी, त्यांना लावायची पितळी तोंडं, धोक्याच्या घंटा. आमच्या प्रत्येक मजल्यावर भिंतीत लाल पेट्या होत्या, पण आम्ही राहायला आल्यापासून त्या रिकाम्याच होत्या. कुणी त्यात झाडू ठेवायचं, कुणी चपला.

"आले एकदाचे," रुक्साना म्हणाली. "अब्बांच्या वेळी असते तर..."

छायानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

अब्बा म्हणजे रुक्सानाचे सासरे. ते आणि माझी आई, दोघं एकाच दुपारी गेले, एकाच जागी.

आम्ही मूळचे खाडीकाठच्या झोपडपट्टीतले. तिथून उठवून आम्हाला या उंच इमारतीत घरं दिली. ही घरं आम्हाला आपोआप मिळाली नाहीत. बुलडोझर दाराशी आला तेव्हा माझा थोरला भाऊ, यशवंत घाग, त्याच्यासमोर आडवा पडला होता. कचेऱ्यांमध्ये खेटे घालून, मोर्चे काढून, लाठ्या खाऊन त्यानं वस्तीतल्या प्रत्येक कुटुंबाला घर मिळवून दिलं. वस्तीत लहानथोर त्याला दादाच म्हणत. सोसायटी झाली तेव्हा अध्यक्ष कोण हा प्रश्नच नव्हता. दादा आणि आई अकराव्या मजल्यावर, मी आणि माझी माणसं नवव्यावर, असे आम्ही राहत होतो.

चाव्या मिळाल्या त्या दिवशी दादानं सगळ्यांना खाली जमवून इमारत समजावून सांगितली होती. लिफ्ट कशी चालवायची, कचरा कुठं टाकायचा. त्यातच त्यानं सांगितलं की आठव्या मजल्यावर एका बाजूला मोकळी गच्चीसारखी जागा आहे, तिला रेफ्यूज म्हणतात. आग लागली आणि वरच्या माणसांना खाली उतरता आलं नाही, तर तिथं जाऊन थांबायचं. तिथं वारा असतो, धूर साठत नाही, आणि बंबवाले तिथून माणसं काढतात. आईनं हे मन लावून ऐकलं होतं. तिचे गुडघे गेलेले. खाली उतरणं तिच्यानं होणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून कुणी पाहुणा आला की ती त्याला सांगायची, "आमच्यात आगीची जागा वेगळी ठेवलेय हो. आमच्या यशवंतानं दाखवलेय."

आग लागली ती भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावर, विजेच्या तारा वर जातात त्या पोकळ डक्टमध्ये. आग म्हणावी तर केवढीशी. पण ती पोकळी प्रत्येक मजल्यावर बंद करायची असते, ती कुणी केलीच नव्हती. त्यामुळे सगळा काळा धूर चिमणीतून जावा तसा वर चढला आणि मजल्यामजल्यावर पसरला. पोरांनी लाल पेट्या उघडल्या, आत काही नव्हतं. बंब लगेच आले, पण दोन इमारतींमधल्या बोळात मोठ्या शिडीची गाडी वळेना. जवान मग पायऱ्यांनीच धावत वर गेले. भिंतीतल्या नळाला त्यांनी स्वतःचा पाइप लावला, चाक फिरवलं, पाणी आलं नाही. खालच्या गाडीपासून पाइप ओढत नेईपर्यंत जो वेळ गेला तो गेला.

आई आणि अब्बा आठव्या मजल्यापर्यंत उतरले होते. रेफ्यूजच्या दाराला कुलूप होतं. जवानांना ती दोघं त्या दारालाच टेकून बसलेली सापडली. अब्बांनी आपला रुमाल आईच्या नाकावर धरलेला होता.

मी तेव्हा कामावर होते. कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायचं माझं काम. मी पोचले तेव्हा दोघांना खाली आणून ठेवलं होतं. दादा माझ्यानंतर आला. आईजवळ जमिनीवर बसला, पण तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

कुलूप बिल्डरच्या वॉचमननं घातलं, असं दादानं सांगितलं आणि ते सगळ्यांनी मानलं. तो वॉचमन दुसऱ्या दिवसापासून गायबच झाला होता. आम्ही पेटून उठलो होतो, पण दादा बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आला आणि म्हणाला, "सगळं बसवून देणार आहेत. सरकारी साहेब येऊन तपासणार आहेत. आता बोंबाबोंब केलीत तर काम अडेल." त्याच्या शब्दावर आम्ही गप्प बसलो. महिनेच्या महिने गेले. आणि त्या सकाळी हा टेंपो आला.

माणसं भराभर कामाला लागली. प्रत्येक मजल्यावर सिलिंडर लटकले, पेट्यांत पाइप गेले, काचा चकचकीत झाल्या. आठव्या मजल्यावरचं दार उघडून, आतली जागा धुऊन तिथं दोन कुंड्या ठेवल्या. हे सगळं करून घेत होते पारकर. ते बिल्डरचे साहेब. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलणं असं मऊ की माणसानं आपली तक्रार विसरून त्यांनाच चहा विचारावा.

थोड्या वेळानं तपासणीचे अधिकारी आले, निमकर नावाचे. पारकर एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला, असे ते मजले चढले. प्रत्येक सिलिंडरशेजारी त्यांनी फोटो काढला. आमच्या मजल्यावर आले तेव्हा मी पुढं झाले.

"साहेब, एकदा पाणी सोडून बघा ना. त्या दिवशी पाणीच नव्हतं."

निमकर पारकरांकडे बघू लागले. पारकर हसले. "ताई, आता पाणी सोडलं तर तुमचाच जिना भिजेल. म्हातारी माणसं घसरतील. सगळं तपासलेलं आहे."

"पण साहेब—"

"सुलू," दादा म्हणाला, "साहेबांना अजून पुढं जायचंय."

निमकर पुढं गेले. खाली त्यांना नारळपाणी दिलं, दादानं शाल घातली. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली.

जेवणं उरकून मी धुणं वाळत घालायला दार उघडलं, तर टेंपोबरोबर आलेला माणूस माझ्या दारासमोरचा सिलिंडर काढत होता.

"हे काय?"

"सर्व्हिसिंगला नेतोय ताई."

"सकाळी लावलेला सिलिंडर दुपारी सर्व्हिसिंगला?"

तो माणूस सिलिंडर काढतच राहिला. बबन त्याचं नाव, टेंपो त्याचाच. मी जिन्यातून वाकून पाहिलं तर खालच्या मजल्यांवरही तेच चाललेलं. पेट्यांमधले पाइप बाहेर येत होते, घंटा उतरत होत्या. मी बबनच्या हातातला सिलिंडर धरला.

"सोडा ताई. माझ्या अंगावर येईल."

"खरं सांग, मग सोडते."

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "पलीकडं हायवेला लागून दुसरी बिल्डिंग आहे ना, रस्त्यात घरं गेलेल्या लोकांची? तिथं आज दुपारनंतर तपासणी आहे. हाच माल तिथं लावायचाय. मग परत गोडाउनला."

"आणि आमच्या इथं?"

"तुमच्या इथं झाली ना तपासणी."

हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. आई नऊवारीच्या निऱ्या सावरत एकेक पायरी कशी उतरली असेल, हे मी तोवर शंभरदा डोळ्यांपुढं आणलं होतं. त्या पायऱ्यांवरून आता हे सिलिंडर उतरत होते, फोटो काढून झालेले.

मी रुक्सानाला हाक मारली, छायाला बोलावलं. दोघींना सांगितलं. छाया तडक खाली धावली आणि टेंपोपुढं जाऊन बसली. बघता बघता बायका जमल्या. "एक पाइप बाहेर जाऊ द्यायचा नाही," असं सगळ्या म्हणायला लागल्या.

दादा आला. पारकर निमकरांबरोबर पुढं गेले होते, त्यामुळे तो एकटाच होता.

"छाया, ऊठ तिथून. नवीन माल येणार आहे. हा तात्पुरता होता."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सुलू, सगळ्या गोष्टी सरळ होत नसतात. आधी कागद होऊ दे, मग मी त्यांच्याकडनं करून घेतो. आजवर करून घेतलं नाही का?"

"दादा, तुला माहीत होतं का, एवढंच विचारलं मी."

तो टेंपोकडे बघत म्हणाला, "माल अडवलात तर चोरीची तक्रार होईल. पोलीस तुम्हालाच उचलतील."

हे मात्र खरं होतं. शिवाय माझ्या मनात दुसरंच येत होतं. आम्ही हा माल इथं अडवून धरला, तर पलीकडच्या इमारतीत काय होईल? तिथं आमच्यासारखीच माणसं. त्यांनाही कुणी तरी सांगितलं असेल की आज सगळं येणार आहे.

"छाया, ऊठ," मी म्हणाले. "टेंपो जाऊ दे."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"पण आपण टेंपोतून जायचं."

मी मागच्या फळीवर पाय देऊन वर चढले. रुक्साना चढली. छाया, आणि आणखी जेवढ्या मावल्या तेवढ्या. आम्ही सिलिंडरांमध्ये बसलो. बबन डोक्याला हात लावून उभा.

"चल बाबा," रुक्साना त्याला म्हणाली. "तुझ्या मालाला हात लावत नाही आम्ही. मालाबरोबर जातोय फक्त."

"सुलू, खाली उतर," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो विनवत होता, आणि दादाला विनवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बिल्डरपुढं आपली पत जाईल म्हणून असेल. मी मान फिरवली.

वाटेत वळणावर सिलिंडर एकमेकांवर आपटायचे आणि आम्ही ते पायांनी आवरायचो. रुक्साना पाइपाच्या भेंडोळ्यावर बसली होती. एकदाच ती म्हणाली, "सुलभाताई, वो लोग भी ताली बजायेंगे, देखना."

तसंच झालं. त्या इमारतीच्या अंगणात माणसं वाट बघत उभी होती. टेंपो आत शिरला तसा त्यांनी गलका केला, एका म्हाताऱ्यानं हात जोडले. मग सिलिंडरांमधून आम्ही बायका उतरायला लागलो तेव्हा सगळे चकित झाले.

"तुम्ही कंपनीच्या का?" एका बाईनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "हे सामान आत्ता थोड्या वेळापूर्वी आमच्या इमारतीत होतं. तिथले फोटो झाले. आता इथले होतील, मग हे गोडाउनला जाईल."

तिला पहिल्यांदा पटलं नाही. बबनला विचारलं तर तो खाली बघायला लागला. तेव्हा पटलं. गलका थांबला. माणसं एकमेकांना सांगायला लागली आणि बाल्कन्यांमधून डोकी बाहेर आली.

निमकरांची गाडी आली ती या गर्दीत. पुढच्या दारातून पारकर उतरले. पाठोपाठ रिक्षातून दादा उतरला. आमच्यामागून तो तसाच धावत आला असावा.

मी निमकरांसमोर जाऊन उभी राहिले. "साहेब, ओळखलंत का?"

ते थबकले. मला पाहिलं, रुक्सानाला पाहिलं, आणि मग आमच्यामागचा टेंपो पाहिला. त्या माणसाचं तोंड मी अजून विसरलेले नाही. चोरी पकडली गेल्यावर माणूस घाबरतो ना, तसं ते नव्हतं. ते वैतागले होते. आम्ही त्यांच्या दिवसाची घडी विसकटली होती.

"तुम्ही इथं कशाला आलात?"

"सकाळी तुम्ही ज्यांचे फोटो काढलेत त्यांच्याबरोबर आलो. आमच्या इथं आता भिंतीला नुसते खिळे आहेत. चला दाखवते."

"अहो ताई," पारकर मध्ये पडले, "हा माल फिरता असतो. दोन्हीकडे कायमचा येणारच आहे. समजून घ्या जरा."

"मग एक करा. कायमचं येईल तेव्हा येईल. आज इथं पाणी सोडून दाखवा."

"आत्ता ते शक्य—"

"पाणी सोडा," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसऱ्यानं म्हटलं, मग वरच्या बाल्कनीतून आवाज आला. निमकरांना हलता येईना. दोघा पोरांनी टेंपोतला एक पाइप काढून तळमजल्याच्या नळाला लावला. पितळी तोंड हातात धरून एक जण अंगणात उभा राहिला. दुसऱ्यानं चाक फिरवलं. ते गंजलेलं होतं, दोघांनी मिळून फिरवावं लागलं.

पाइप सपाटच राहिला. तोंडातून थोडी लाल माती गळली आणि एक झुरळ बाहेर पडलं.

कुणी हसलं नाही. त्या म्हाताऱ्यानं, ज्यानं हात जोडले होते, विचारलं, "टाकीला जोडलाच नाही का हा नळ?" आमची इमारत आणि ही इमारत एकाच बिल्डरनं बांधलेली. आमच्याही नळाला पाणी का नव्हतं, ते मला तिथं कळलं. बिघाड झाला नव्हता. नळ नुसताच भिंतीत खोचलेला होता.

"लिहा साहेब," मी निमकरांना म्हणाले. "दोन्ही इमारतींचं लिहा. पाणी नाही म्हणून लिहा. त्या दिवशी पाणी असतं तर माझी आई आणि हिचे सासरे वाचले असते."

आणि तेव्हा पारकरांचा मऊ आवाज पहिल्यांदा बदलला.

"तुमची आई पाण्यामुळं गेली नाही. दाराला कुलूप होतं म्हणून गेली. ते कुलूप कुणाचं होतं ते आधी विचारा. तुमचे बंधू इथंच उभे आहेत."

मी दादाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मला वाटलं, आता दादा याची गचांडी धरेल. बुलडोझरपुढं आडवा पडलेला माणूस तो.

दादा उन्हात उभा होता, आणि त्याची मान हळूहळू खाली गेली.

"दादा?"

"माझं होतं," तो म्हणाला.

"वॉचमनचं ना?"

"वॉचमनला मीच गावी पाठवलं." तो थांबला. "ह्यांच्या उरलेल्या टाइल्स, रंगाचे डबे ठेवायचे होते. पारकर म्हणाले, थोडे दिवस रेफ्यूजमध्ये राहू दे. मी हो म्हटलं. चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे होती. आग लागली तेव्हा मी ह्यांच्याच ऑफिसात बसलो होतो."

मला आठवतं, रुक्सानानं माझा दंड घट्ट धरला. मला पडू द्यायचं नव्हतं म्हणून, की तिलाच आधार हवा होता म्हणून, ते मी तिला पुढंही कधी विचारलं नाही. दादाच्या शब्दावर आम्ही महिनेच्या महिने गप्प बसलो होतो, आणि त्याच महिन्यांत पारकरांनी त्याला मुठीत धरलं होतं. तोंड उघडलंस तर कुलपाचं सांगू. दादानं सकाळी निमकरांना शाल का घातली, मी टेंपोत चढले तेव्हा तो का विनवत होता, सगळं एकदम लख्ख दिसलं. आणि सगळ्यात वाईट हे दिसलं की आईला त्या दाराशी जायला त्यानंच शिकवलं होतं. आई त्याच्यावर विश्वास ठेवून तिथं गेली.

"आता बोला," पारकर मला म्हणाले. "हे पण लिहायचं का साहेबांनी?"

त्यांना वाटलं होतं, मी गप्प बसेन. घरातली गोष्ट घरात राहू दे म्हणेन. आणि खरं सांगायचं तर, अंगणभर माणसं माझ्याकडे बघत असताना, समोर माझा एकुलता एक भाऊ मान खाली घालून उभा असताना, मलाही तसंच म्हणावंसं वाटलं. तेवढ्यात रुक्साना पुढं झाली. दादाच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"दादा, अब्बा तुम्हाला मुलगा म्हणायचे," ती म्हणाली. बस, एवढंच. ओरडली नाही, शिवी दिली नाही. आणि निमकरांकडे वळली. "लिहा साहेब. कुलूप पण लिहा, पाणी पण लिहा."

"दोन्ही लिहा," मी म्हणाले.

दादानं मान वर केली. "लिहा," तोही म्हणाला. "टाइल्स कुणाच्या होत्या तेही लिहा. मी सही करतो."

निमकरांना लिहावं लागलं. कारण तोवर दोन्ही इमारतींची माणसं त्यांच्या गाडीभोवती बसली होती, आणि लिहिल्याशिवाय गाडी हलणार नव्हती.

त्यानंतर जे झालं ते ऐकून लोक विचारतात, मग तुम्ही जिंकलात ना? काय सांगायचं? आमच्या आणि त्या इमारतीत पाण्याची जोडणी झाली, पंप बसला, डक्ट मजल्यामजल्यावर बंद केली. हे सगळं आम्ही मागे लागून, प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघून करून घेतलं. निमकरांची बदली झाली. आणि अटक सगळ्यात आधी कुणाला झाली? दादाला. त्याच्या कबुलीवर पोलीस त्याच दिवसांत घरी आले. पारकरांना पकडायला पुष्कळ काळ गेला आणि ते पकडले गेले तसे जामिनावर सुटले. बिल्डर तर कधी पोलीस ठाण्यात दिसलाच नाही. पेपरात आलं, 'सोसायटी अध्यक्षाच्या कुलपामुळे दोन बळी'. पाण्याचा त्यात उल्लेखही नव्हता. ज्याच्या घरात आधी बुलडोझर शिरतो, त्याच्याच हातात बेडीही आधी पडते.

खटला उभा राहिला तो काही वर्षांनी. निकालात दादाला शिक्षा झाली, ती त्यानं भोगली. पारकरांनाही झाली. बिल्डरलाही दोषी धरलं, पण तो वरच्या कोर्टात गेला, ते प्रकरण अजून तिथंच आहे. दादा सुटून आला तेव्हा त्याला घ्यायला मी गेले होते. तो माझ्याकडे जेवतो, माझ्या नातवंडांना फिरायला नेतो. आईचा विषय तो काढत नाही आणि मी त्याला माफ केलंय असं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. केलंय की नाही, ते मलाच ठाऊक नाही.

पण निकालापेक्षा मला माझ्या साक्षीचा दिवस जास्त आठवतो. आरोपींच्या बाकावर दादा एका टोकाला, पारकर दुसऱ्या टोकाला. बिल्डरचे वकील उंच, काळ्या कोटात, त्यांनी मला मोठ्या आदरानं विचारलं.

"आपल्या आईचा मृत्यू आठव्या मजल्यावरच्या बंद दाराशी झाला. बरोबर?"

"हो."

"त्या दाराला कुलूप आपल्या भावानं घातलं होतं. हे आपण स्वतः त्याच्या तोंडून ऐकलंत."

"हो."

"दार उघडं असतं तर त्या वाचल्या असत्या, असं आपल्याला वाटतं?"

दादा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहून म्हणाले, "हो. वाटतं."

"म्हणजे मृत्यूला जबाबदार आपला भाऊ. आणखी काही विचारायचं नाही," वकील न्यायाधीशांना म्हणाले आणि कोट सावरून खाली बसले. शिपायानं मला उतरायची खूण केली. सरकारी वकील आपल्या कागदांत काहीतरी शोधत होते, त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

मी कठडा सोडला नाही. शिपाई पुन्हा म्हणाला, "झालं बाई, उतरा."

"मला अजून पाण्याचं कुणी विचारलं नाही," मी म्हणाले.

बिल्डरचे वकील उठून उभे राहिले. "साक्षीदारानं विचारलं तेवढंच—"

न्यायाधीश एक वयस्कर बाई होत्या. सकाळपासून खाली मान घालून लिहीत होत्या. त्यांनी चष्मा काढला, वकिलांना हातानं बसायची खूण केली आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं.

"मी विचारते," त्या म्हणाल्या. "पाण्याचं काय? सांगा."

मी सांगायला लागले.